आहे त्याच स्टोरेज नेटवर्कवर आरडीएमए चालेल का? चालेल, पण आधी कुठलं नेटवर्क ते सांगा

प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. चाकणची ऑटो पार्ट्सवाली कंपनी आहे, सर्व्हर रूममध्ये १६ गिगचं एफसी सॅन (फायबर चॅनेल, म्हणजे फक्त स्टोरेजसाठीचं वेगळं नेटवर्क) आणि त्यावर डेटाबेस. शेजारच्या रॅकमध्ये २५ गिगचे दोन इथरनेट स्विच, त्यांच्यावरून व्हीएमवेअरचे होस्ट (व्हर्च्युअल मशीन चालवणारे सर्व्हर) आयस्कझीने, म्हणजे साध्या आयपी नेटवर्कवरून स्कझी या जुन्या डिस्क प्रोटोकॉलने, स्टोरेजला जोडलेले, काही जुने होस्ट अजून १० गिगवरच. आता अ‍ॅरे (सगळ्या डिस्क ठेवणारं स्टोरेजचं मशीन) बदलायचाय, ऑल फ्लॅश घ्यायचाय, आणि व्हेंडर म्हणतोय आरडीएमए घ्या, नेटवर्क आहे तेच चालेल, लेटन्सी (प्रत्येक रीड-राइटला लागणारा वेळ) निम्म्यावर येईल. प्रश्न विचारणारे म्हणतात, खरं मानू का?

अर्धं खरं आहे. आणि जे अर्धं खोटं आहे ना, ते कोटेशनमध्ये दिसत नाही, चार महिन्यांनी महिनाअखेरीला दिसतं.

आधी आरडीएमए काय करतं ते बघू, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. एका मशीनचं नेटवर्क कार्ड दुसऱ्या मशीनच्या मेमरीत थेट लिहितं किंवा तिथून थेट वाचतं, मधे कर्नलचा टीसीपी स्टॅक नाही, या बफरमधून त्या बफरमध्ये कॉपी नाही, पलीकडच्या सीपीयूला त्या कामासाठी उठवायचंही नाही. त्यासाठी मेमरीचा तो तुकडा आधी रजिस्टर करून पिन करावा लागतो, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने तो मधेच हलवू नये, आणि त्याची की पलीकडच्याला द्यावी लागते. स्टोरेजमध्ये हे कसं घडतं तर होस्ट एनव्हीएमईची (फ्लॅशसाठी बनवलेला नवा प्रोटोकॉल) ६४ बाइटची कमांड पाठवतो. रीड असेल तर अ‍ॅरे डेटा सरळ होस्टच्या बफरमध्ये लिहून मोकळा होतो आणि मागून १६ बाइटचं 'झालं' एवढंच कळवतो. राइट असेल तर अ‍ॅरेच होस्टच्या मेमरीत हात घालून डेटा उचलतो (अगदी छोटं राइट असेल तर कमांडबरोबरच डेटाही जातो, ते सोडा). म्हणजे मोठा डेटा कधी हलवायचा हे दोन्ही वेळेला अ‍ॅरे ठरवतो. हे लक्षात ठेवा, खाली कामाला येणार आहे.

आता तुमचं एफसी. एफसीच्या वायरवर ज्याला आपण आरडीएमए म्हणतो ते चालत नाही, इन्फिनिबँडसारखे (आरडीएमएसाठीच बांधलेलं नेटवर्क) क्यू पेअर, व्हर्ब्ज वगैरे प्रकार तिथे नाहीच, आणि खरं सांगायचं तर तुम्हाला त्याची गरजही नाही. एचबीए (होस्टमधलं एफसीचं कार्ड) काय करतो, आलेला डेटा स्वतःच डीएमएने होस्टच्या मेमरीत नेऊन ठेवतो, सीपीयू मधे पडत नाही. आणि समोरच्याने क्रेडिट (माझ्या बफरमध्ये जागा आहे, ही परवानगी) दिल्याशिवाय एफसीचा पोर्ट फ्रेम सोडतच नाही, त्यामुळे बफर भरला म्हणून फ्रेम टाकून दिली असं तिथे होत नाही. लोक आरडीएमएकडून जे मागतात त्यातलं बरंचसं एफसीवाल्यांकडे आधीपासून आहे राव, फक्त त्याला कुणी ते नाव दिलं नाही.

जुनं काय आहे तर वरची स्कझी. आणि इथेच व्हेंडर लोक दोन गोष्टी एकात कालवतात. एनव्हीएमईचा फायदा वेगळा, आरडीएमएचा वेगळा. स्कझीत एका लनमागे (होस्टला दिसणारी एक डिस्क) रांग छोटी असते, ३२, ६४ असे आकडे तुम्ही ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये बघितलेच असतील. एनव्हीएमईत सुमारे ६४ हजार क्यू आणि प्रत्येकात तेवढ्याच कमांड, इतकी सोय स्पेसिफिकेशनमध्येच आहे, प्रत्यक्षात प्रत्येक कोअरला आपापली क्यू मिळते आणि लॉकची मारामारी संपते. डेमोमध्ये जुनी आयस्कझी विरुद्ध नवीन आरडीएमए असा ग्राफ दाखवतात ना, तेव्हा विचारा की यातला किती भाग प्रोटोकॉलचा, किती ट्रान्सपोर्टचा, आणि किती नव्या अ‍ॅरेचा? बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

तर एफसीसाठी रस्ता एनव्हीएमई ओव्हर एफसीचा. तीच फायबर, तोच स्विच, तेच झोनिंग (कोण कुणाशी बोलेल याची यादी), आणि जुनी स्कझीची ट्रॅफिक शेजारी तशीच चालू राहते. फ्रेमच्या हेडरमध्ये टाइपचा एक आकडा असतो, स्कझीसाठी हेक्समध्ये ०८, एनव्हीएमईसाठी २८, स्विचच्या दृष्टीने मुख्य फरक एवढाच. लागतं काय तर एनव्हीएमई बोलणारा एचबीए, म्हणजे साधारण ३२ गिगच्या पिढीचं कार्ड, ते तुमच्या १६ गिगच्या स्विचवर १६ गिगलाच चालेल आणि चालू दे. स्विचचं फर्मवेअर पुरेसं नवं हवं, आणि अ‍ॅरेने साथ द्यायला हवी. व्हीएमवेअरमध्ये व्हीस्फिअर ७ पासून, म्हणजे २०२० पासून, एनव्हीएमई ओव्हर एफसी आणि रॉकी (इथरनेटवरचं आरडीएमए, खाली सांगतो) दोन्ही आहेत, टीसीपी ७ च्या अपडेट ३ मध्ये आलं. पण जुना डेटास्टोअर आहे तिथेच बदलून मिळत नाही हं, नवीन नेमस्पेस (एनव्हीएमईतला लन) काढायचा आणि व्हीएम हलवायचे. आरडीएम (आरडीएमए नव्हे, लन थेट व्हीएमला देणं) डिस्कवाली क्लस्टर असतील तर ती स्कझीवरच राहू द्या, एनव्हीएमईवर ती सोय नाही.

लिनक्सवर डेटाबेस असेल तर मल्टिपाथ (एकाच स्टोरेजला जायचे अनेक रस्ते सांभाळणं) आधी बघून घ्या. रेड हॅट ८ मध्ये डीफॉल्ट डीएम मल्टिपाथ होतं, ९ मध्ये एनव्हीएमईचं स्वतःचं मल्टिपाथ आहे, जुन्या प्लेबुकमधून कॉन्फिग उचलून टाकली तर पाथ दिसतात पण फेलओव्हरला भलतंच काहीतरी होतं.

एफसीचं एवढं पुरे. डेटाबेस तिथेच ठेवा, हे माझं स्पष्ट मत.

इथरनेटकडे वळू, खरी गंमत इकडे आहे. आयस्कझीच्या नेटवर्कवर आरडीएमए आणायचे तीन प्रकार. एक आयसर (पाषाणची विज्ञान संस्था नव्हे), म्हणजे आयस्कझीच पण डेटा आरडीएमएने, त्याचं नवं मानक २०१४ चं आरएफसी ७१४५, चालतं पण नवीन अ‍ॅरे घेताना त्यात शिरू नका. दुसरं आयवॉर्प, टीसीपीच्या वर आरडीएमए, २००७ ची मानकं. टीसीपी असल्यामुळे पॅकेट हरवलं तरी निभावून नेतं, स्विचमध्ये काही करावं लागत नाही, कल्पना म्हणून मला अजूनही आवडते, पण कार्ड बनवणारे मोजकेच उरलेत आणि बहुतेक स्टोरेजवाले पलीकडच्या बाजूला गेलेत. तिसरं रॉकी. २०१० मधलं पहिलं व्हर्जन फक्त लेयर २ वर, राउटरच्या पलीकडे जात नाही, २०१४ चं दुसरं व्हर्जन यूडीपीत गुंडाळलेलं, पोर्ट ४७९१, राउट होतं. व्हेंडर आज 'आरडीएमए' म्हणतो तेव्हा त्याला हेच म्हणायचं असतं. आणि लक्षात घ्या, आयवॉर्पचं कार्ड रॉकीच्या कार्डाशी बोलत नाही. सर्व्हरला जुनी २५ गिगची कार्डं असतील तर ती यातलं काय बोलतात, की काहीच बोलत नाहीत, हे मॉडेल नंबर काढून बघा, 'नेटवर्क आहे तेच' या वाक्यात कार्ड येत नाहीत.

रॉकीची अडचण अशी की त्याला पॅकेट हरवलेलं सोसत नाही. एक पॅकेट गेलं की पारंपरिक पद्धतीत तिथून पुढचं सगळं परत पाठवायचं, गो बॅक एन म्हणतात त्याला. नवीन कार्डांमध्ये फक्त हरवलेलं परत पाठवायची सोय आलीय, पण दोन्ही टोकांना तशी कार्डं हवीत. इन्फिनिबँडमध्ये हा प्रश्नच नव्हता कारण तिथे लिंकवर एफसीसारखंच क्रेडिट आहे. सुपरकॉम्प्युटरवाले असली नेटवर्कं मुळापासून त्यासाठीच बांधतात. आपल्याच पुण्यात सीडॅकने परमसाठी परमनेट स्वतः बनवलं, पाषाणच्या आयआयटीएममध्ये २०१८ ला आलेल्या प्रत्यूषमध्ये क्रेचं एरीज इंटरकनेक्ट होतं. आपण मात्र काय करतो, ऑफिसच्या इथरनेटला म्हणतो आता तू पण कधीच पॅकेट टाकायचं नाहीस बरं का.

ते करायचं साधन म्हणजे पीएफसी. इथरनेटच्या आठ प्रायोरिटींपैकी एक निवडायची, तिचा बफर भरत आला की स्विच मागच्याला पॉज फ्रेम पाठवतो, थांब. मागच्याचा बफर भरला की तो त्याच्या मागच्याला थांबवतो. कागदावर छान दिसतं. पण थांबवलं जातं ते त्या प्रायोरिटीचं सगळंच, फक्त गुन्हेगाराचा डेटा नाही. भूमकर चौकात हिंजवडीकडे वळणारे अडले की त्यांच्या मागे सर्व्हिस रोडवर जे सरळ जाणार असतात तेही उभे, त्यांचा हिंजवडीशी संबंध नसला तरी, अगदी तसंच.

तुमच्या केसमध्ये हे कसं होईल ते सांगतो. नवीन अ‍ॅरेला १०० गिगचे पोर्ट येणार. होस्ट २५ चे, काही १० चे. १० गिगवाल्या होस्टवरच्या कुठल्यातरी व्हीएमने रात्रीचा रिपोर्ट चालवला, मोठमोठी रीड मागितली. वर म्हटलं तसं रीडचा डेटा कधी ढकलायचा हे अ‍ॅरे ठरवतो, आणि तो १०० गिगने ढकलतो. स्विचमधून बाहेर जायचा रस्ता १० गिगचा. बफर भरला, स्विचने अ‍ॅरेच्या पोर्टला पॉज दिला. आता अ‍ॅरेच्या त्याच पोर्टवरून ज्या ज्या होस्टला डेटा जायचाय ते सगळे थांबले, ज्यांचा २५ गिगचा रस्ता रिकामा पडलाय तेसुद्धा. एफसीवाले याला स्लो ड्रेन म्हणतात आणि वर्षानुवर्षं त्याच्याशी झुंजतायत, त्यांच्या स्विचमध्ये तो शोधायची हत्यारं तरी आहेत. इथरनेटच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी ते काउंटर कुणी बघतच नाही. म्हणून रॉकी घ्यायचंच असेल तर १० गिगचे होस्ट त्यातून बाहेर काढा, हा पहिला नियम. बाकी ट्युनिंग नंतर.

पीएफसी हा शेवटचा ब्रेक, रोज दाबायचा नाही. रोजचं काम ईसीएनने व्हायला हवं. रांग वाढायला लागली की स्विच पॅकेटवर खूण करतो, घेणारं कार्ड पाठवणाऱ्याला सीएनपी नावाचं छोटं पॅकेट धाडतं, तो वेग कमी करतो. मायक्रोसॉफ्ट आणि मेलॅनॉक्सच्या लोकांनी २०१५ ला डीसीक्यूसीएन म्हणून याची पद्धत मांडली, आजही बहुतेक रॉकीची कार्डं त्याच धर्तीवर चालतात. २०१६ ला मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या डेटा सेंटरमधले अनुभवही मांडले, एक बिघडलेलं कार्ड सतत पॉज फ्रेम सोडत राहतं आणि नेटवर्कचा मोठा तुकडा गप्प होतो, वगैरे. एवढ्या मोठ्या, स्वतःचे इंजिनीयर असलेल्या कंपनीला हे झालं, तुमच्याकडे नेटवर्क टीम दोन जणांची आणि त्यातला एक वायफायमध्ये अडकलेला.

एक बघितलेली केस. पुण्यातलीच डिझाइनचं काम करणारी एक कंपनी, नाव नको. रॉकी लावलेलं, टेस्टला पूर्ण २५ गिग, सगळे खूश. सकाळी साडेदहाला लोक लॉगिन करायला लागले की स्टोरेजची लेटन्सी मधूनच उसळी मारायची, दुपारी परत ठीक. अ‍ॅरेवाला म्हणे अ‍ॅरे ठीक, स्विचवाला म्हणे ड्रॉप कुठे आहेत दाखवा. होस्टच्या कार्डाचे काउंटर काढले तर 'आउट ऑफ सिक्वेन्स' सकाळी भराभर वाढतोय आणि प्रायोरिटी ३ च्या पॉजचा आकडा जिथल्या तिथे. म्हणजे पॅकेट पडतायत, पण थांब म्हणून कुणी सांगतच नाहीये. शेवटी सापडलं ते असं की होस्ट व्हीलॅन टॅगमध्ये (पॅकेट कुठल्या आभासी नेटवर्कचं हे सांगणारी चिठ्ठी) प्रायोरिटी लिहून पाठवत होता, मधल्या एका पोर्टवर टॅग निघून जात होता, टॅगबरोबर प्रायोरिटीही गेली, आणि पुढचा स्विच त्या सगळ्याला साधी ट्रॅफिक समजून साध्या रांगेत टाकत होता. एकटी टेस्ट चालवली की गर्दी नाही म्हणून काही पडत नाही, सगळे एकदम आले की पडतं. डीएससीपीवर भरवसा ठेवायची कॉन्फिग केली, म्हणजे खूण टॅगमध्ये नाही तर आयपीच्या हेडरमध्ये, आणि ती वाटेत सहसा कुणी काढत नाही. कार्डवाल्यांच्या गाइडमध्ये साधारण २६ हा डीएससीपी रॉकीला, तो प्रायोरिटी ३ मध्ये जातो, आणि सीएनपीला ४८, तो ६ मध्ये. हे आकडे प्रत्येक टोकाला एकच हवेत, होस्ट, दोन्ही स्विच, अ‍ॅरे, एकही सुटला तर वरची गोष्ट तुमच्याकडे.

प्रायोरिटी ३ वरून आठवलं, तुमच्या स्विचवर कधी काळी एफसीओई (इथरनेटवरून एफसी) चाललं असेल तर तेही बहुधा ३ वरच असतं. जुनी कॉन्फिग कुणी काढलेली नसते. लॉसलेस क्लास (पॅकेट न टाकणारी रांग) तयारच आहे म्हणून आनंद होतो, पण एफसीओईचा आणि रॉकीचा बफर, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार), सगळं वेगळं, दोघांना एका क्लासमध्ये कोंबू नका. जुन्या स्विचमध्ये असे लॉसलेस क्लास मोजकेच मिळतात हेही बघा.

एमटीयूचंही सांगून टाकतो. रॉकीचा स्वतःचा एमटीयू २५६, ५१२, १०२४, २०४८, ४०९६ असाच असतो. इथरनेटला १५०० असेल तर रॉकी १०२४ वर बसतं, जंबो ९००० केलं की ४०९६ मिळतं. होस्टला ९००० केलं आणि मधला एक पोर्ट विसरला की छोटी आयओ व्यवस्थित चालतात, मोठी लटकतात, आणि माणूस दिवसभर अ‍ॅरेला शिव्या घालतो.

अंतराचं काय, कारण प्रश्नात शेवटी होतं की डीआर साइट (मुख्य जागा बंद पडली तर वापरायची दुसरी जागा) पुण्यातच आहे, तिकडेपर्यंत आरडीएमए नेता येईल का. पॉज पोचेपर्यंत वाटेत जो डेटा आहे तो कुठेतरी मावला पाहिजे, त्याला हेडरूम म्हणतात. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. रॅकपासून रॅकपर्यंत १०० मीटर धरले तर जाऊन येऊन १ मायक्रोसेकंद, १०० गिगवर तेवढ्यात साडेबारा केबी, त्यावर थोड्या मोठ्या फ्रेमची भर, किरकोळ. आता फायबरचा रस्ता ३० किलोमीटर धरा, जाऊन येऊन ३०० मायक्रोसेकंद, म्हणजे पावणेचार एमबी, एका पोर्टच्या एका प्रायोरिटीसाठी. साध्या टॉप ऑफ रॅक स्विचमध्ये इतका बफर एका पोर्टला द्यायला नसतो. आणि ३०० मायक्रोसेकंद प्रकाशालाच लागत असतील तर आरडीएमएने वाचवलेल्या दहा-वीसचं काय लोणचं घालायचंय? डीआरला आयपी रेप्लिकेशन किंवा लांब पल्ल्याची क्रेडिट्स लावलेलं एफसी (१६ गिगला पूर्ण फ्रेम धरून किलोमीटरला साधारण ८ क्रेडिट), बस.

मग मी काय करेन. व्हीएमवेअरचे होस्ट आधी एनव्हीएमई ओव्हर टीसीपीवर नेईन. नोव्हेंबर २०१८ पासून अधिकृत आहे, आहे तीच कार्डं, तेच स्विच, लॉसलेसची भानगड नाही, पॅकेट हरवलं तर टीसीपी बघून घेईल. सीपीयू जास्त खातं, लेटन्सी रॉकीपेक्षा थोडी जास्त, मान्य. पण फ्लॅशमधून एक ४ केबी वाचायलाच ८० ते १०० मायक्रोसेकंद जातात, वर कंट्रोलरचा डीड्युप, कॉम्प्रेशन, तेही आलं. एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्सचं स्पेसिफिकेशन २०१६ ला आलं तेव्हाचं ध्येय असं की लोकल डिस्कच्या तुलनेत जास्तीत जास्त १० मायक्रोसेकंदांची भर पडावी. ते ध्येय आरडीएमए गाठतं, पण तुमच्या ईआरपीच्या स्क्रीनवर बसलेल्या माणसाला तो फरक जाणवणार आहे का? सिम्युलेशनचा क्लस्टर असेल, सीपीयू आधीच पिळून निघालेला असेल, किंवा जीपीयूला डेटा भरवायचा असेल तर मी लगेच रॉकी म्हणेन, त्यासाठी वेगळे दोन स्विच घेऊन. शेअर केलेल्या स्विचवर नाही. एफसीत जशी ए आणि बी फॅब्रिक वेगळी ठेवता तसेच दोन वेगळे सबनेट, एलएसीपीच्या (दोन लिंकची एक बनवणं) नादी न लागता मल्टिपाथ.

मोजायचं मात्र आधी. आज आयस्कझीवर फायो या टेस्ट टूलने ४ केबी रँडम रीड, क्यू डेप्थ (एका वेळी किती कमांड सोडायच्या) १ आणि ३२, सरासरी नको, ९९ वा पर्सेंटाइल लिहून ठेवा, सोबत होस्टचा सीपीयू आणि अ‍ॅरे स्वतः दाखवतो ती लेटन्सी. होस्टला ५०० मायक्रोसेकंद दिसतात आणि अ‍ॅरे म्हणतो ४२० माझे, तर नेटवर्कमध्ये वाचवायला ८० च आहेत, कितीही भारी कार्ड घाला. हात बसवायला खर्चही नाही, लिनक्सच्या कर्नलमध्ये सॉफ्ट रॉकी २०१६ च्या ४.८ पासून आणि आयवॉर्पचा सॉफ्टवेअर ड्रायव्हर २०१९ च्या ५.३ पासून आहे, दोन साध्या मशीनवर सगळी जोडणी करून बघता येते. वेग बघू नका त्यात, वेग नाहीच, क्रम समजतो. मेमरी पिन करायची मर्यादा कमी ठेवली की कनेक्शन कसं तुटतं हे तिथेच बघून घेतलेलं बरं.

सुरक्षेचं एक राहिलं. रॉकीचा डेटा वायरवर उघडा जातो, म्हणून तो व्हीलॅन दुसऱ्या कुणालाही देऊ नका, बॅकअपला सुद्धा नाही. टीसीपीवर टीएलएस (एन्क्रिप्शन) लावता येतं, अ‍ॅरे देतो का ते विचारा.

व्हेंडरला ईमेलवर विचारायचं ते हे: तुमच्या स्विचच्या याच मॉडेलवर आणि याच फर्मवेअरवर, याच कार्डांसोबत, रॉकीची जोडणी अ‍ॅरेवाल्याच्या सपोर्ट लिस्टमध्ये आहे का, आणि पॉज वादळ आलं तर कॉल कोण घेणार, तो की स्विचवाला. फोनवर 'हो हो चालतं सर' म्हणेल. लेखी मागा. आणि स्विचचं मॉडेल इथे टाका, बफर किती आहे ते बघून १० गिगवाल्या होस्टचं काय करायचं ते बोलू.